तुझंच बरोबर

शर्यत पॅरिसला होती आणि सूर्यकांत द्वारकेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, तिपाईवर पाय टाकून, ती बघत होता. ऑक्टोबरातला पहिला रविवार, संध्याकाळची वेळ. शेवटच्या वळणानंतर जपानचा मिनातो लाईट सगळ्यांच्या पुढं आला, बराच वेळ पुढंच राहिला, आणि शेवटचा खांब अगदी तोंडाशी आलेला असताना एका फ्रेंच घोड्यानं त्याला मानेच्या अंतरानं मागं टाकलं. सूर्यकांतनं चष्मा नीट केला आणि शाळेपासूनच्या मित्राला, परीक्षितला, लिहिलं की यात नशिबाचा, शापाचा, काळजाचा काहीएक संबंध नाही. जॉकीनं घाई केली. घोड्याजवळ श्वास मोजका असतो, तो आधीच उधळला तर शेवटी कुठून आणणार. एवढं पाठवून तो मोबाईल हातात धरूनच बसला, कारण आता काय येणार ते त्याला ठाऊक होतं. आधी एखादा तुच्छतेचा शब्द, मग लांबलचक मजकूर, आणि तेवढ्यानंही भागलं नाही की परीक्षितचा आवाज, दम लागलेला, मध्येच बायकोला, हेमांगीवहिनींना, चहा टाकायला सांगणारा. उत्तर आलं. ‘हो. तुझंच बरोबर.’

त्यानं ते वाचलं आणि पुढचं येईल म्हणून वाट पाहिली. ही परीक्षितची एखादी नवी खोड असेल, आधी मान्य करायचं आणि मग पायाखालची सतरंजी ओढायची. पण पुढं काही आलं नाही. टीव्हीवर जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवर झूल घालत होते. अलकनंदा, त्याची बायको, डायनिंग टेबलापाशी मेथी निवडत होती. कोण जिंकलं, तिनं वर न बघता विचारलं. फ्रान्स, असं म्हणायच्या ऐवजी तो ‘मी’ असं म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला ते कसंसंच वाटलं. जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तो उठला, बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खाली रामलीलेचा मांडव सोडवत होते, बांबू एकावर एक पडल्याचे आवाज येत होते. परीक्षितनं आपलं म्हणणं मान्य केल्याचा एक तरी प्रसंग आठवतो का, हे तो तिथं उभा राहून तपासत राहिला. आठवला नाही.

त्या दोघांची ओळख पहाडगंजच्या मराठी शाळेतली. दोघांचे वडील केंद्र सरकारात, दोघांची घरं लोदी कॉलनीच्या क्वार्टर्समध्ये, दोघं एकाच बसनं जायचे. रेसकोर्स घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, आणि शर्यतीच्या दिवशी कुंपणाच्या एका ठिकाणाहून शेवटचं वळण दिसायचं. तिथं उभं राहून ते पहिल्यांदा भांडले. जिंकलेला घोडा खांब ओलांडल्यावर मान उडवत चालला होता, आणि परीक्षित म्हणाला, बघ, त्याला कळलंय. सूर्यकांत म्हणाला, घोड्याला काही कळत नाही, बाकीचे पळतात म्हणून तो पळतो, कळपातलं जनावर आहे ते. त्या दिवशी बस येईपर्यंत, बसमध्ये आणि नंतर परीक्षितच्या घराच्या पायरीवर हे भांडण चाललं, आणि खरं म्हणजे नंतर कधी थांबलंच नाही. फक्त घोडे बदलत गेले. परीक्षितच्या वडिलांच्या ऑफिसात एक गृहस्थ होते, ते परदेशी वकिलातींच्या वाचनालयांतून काढून टाकलेली मासिकं आणायचे. त्यांत न्यूमार्केटचे, केंटकीचे, सिडनीचे घोडे होते. दिल्लीचे घोडे त्यापुढं दोघांनाही घरचेच वाटू लागले, म्हणजे ज्यांच्याबद्दल फार बोलायचं नसतं असे. गंमत अशी की दोघांनी कधी पैसे लावले नाहीत. पैसे लावणारा हरला की गप्प बसतो, त्याला गप्प बसावंच लागतं. या दोघांना हरायची सोयच नव्हती.

सूर्यकांत पुढं सरकारच्या जलविभागात गेला. नद्यांची पातळी, पुराचे अंदाज. किती पाणी सुटलं, ते किती वेळानं कुठं पोचेल. तो घोडेही तसेच बघायचा. पहिल्या टप्प्याला किती वेग, दुसऱ्याला किती, पाठीवर वजन किती, बापाच्या वंशात दम किती. पॅरिसला तीन वर्षांच्या घोड्यांना वजनात सूट मिळते ती न्याय्य आहे की नाही, यावर त्यानं एकदा पानंच्या पानं लिहिली होती. परीक्षित संसदेत दुभाष्या झाला. काचेच्या खोलीत बसून, कानाला यंत्र लावून, कुणाचं तरी मराठी हिंदीत आणि कुणाचं तरी हिंदी इंग्रजीत, बोलणाऱ्याच्या जेमतेम एक वाक्य मागं राहून. आयुष्यभर त्यानं लोकांची अशी मतं पोचवली जी त्याची नव्हती. स्वतःचं म्हणून जे मत होतं ते सगळं घोड्यांबद्दल. त्याच्या मते मातीवर पळणारे अमेरिकन घोडे म्हणजे मोटारी. ऑस्ट्रेलियातली दोन मैलांची शर्यत ही जगातली एकमेव खरी शर्यत, कारण तिच्यात घोड्याला मध्ये कुठंतरी एकटं वाटतं. आणि जपानी लोक वर्षानुवर्षं पॅरिसला घोडे पाठवतात आणि हरून परत नेतात, हे जिंकण्यापेक्षा मोठं आहे. असल्या विधानांना उत्तर देता येत नाही. सूर्यकांत देत असे.

शर्यतींच्या जगभरच्या शौकिनांचा फोनवर एक ग्रुपही होता, दोघं त्यात होते. तिथं डर्बनचा एक दंतवैद्य, हाँगकाँगमधल्या दोन बहिणी, लाहोरचे एक निवृत्त न्यायाधीश आणि कुठलेकुठले आयरिश लोक एकमेकांवर तुटून पडायचे. चाबूक मारावा की नाही यावरून तिथं माणसं एकमेकांना खुनी म्हणाली होती. मेलेल्या घोड्याची जिवंत घोड्याशी शर्यत लावून कोण जिंकेल यावर आठवडे जायचे. युरोपवाल्यांना वाटे की गवत त्यांनीच शोधलं. अमेरिकनांना वाटे की घड्याळ त्यांनी. सूर्यकांतच्या लक्षात आलं होतं की त्या भांडणांत कुणी कुणाचं ऐकत नाही, प्रत्येक जण आपला देश सांभाळत असतो. त्याला आणि परीक्षितला सांभाळायला देश नव्हता. दिल्लीतला मराठी माणूस न्यूमार्केटच्या बाजूनं बोलला काय आणि टोकियोच्या बाजूनं बोलला काय. म्हणून असेल, ग्रुपवर इंग्रजीत थोडं खरडून ते दोघं मराठीत, फक्त एकमेकांशी, खरं भांडण करायला परत यायचे. आता मागं जाऊन बघताना त्याला दिसलं की परीक्षितनं ग्रुपवर बऱ्याच महिन्यांत काही लिहिलेलं नाही. एका आयरिश बाईनं तर विचारलंही होतं, तुमचा तो कवी कुठं गेला. सूर्यकांतनं तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. उन्हाळ्यातल्या परीक्षितच्या उत्तरांतही काहीतरी होतं, ते आता वाचताना जाणवलं. ती लहान होत गेली होती. ‘असेल.’ ‘बघू.’ ‘बिल्कुल.’ नदी उतरते तेव्हा रोज बघणाऱ्याला दिसत नाही, काठावरच्या खुणा बघाव्या लागतात, हे त्यानं नोकरीत किती तरुणांना शिकवलं होतं.

अलकनंदाला त्यानं सांगितलं तेव्हा ती हसली. दोन म्हातारे आणि एक घोडा, तोही जपानचा, ती म्हणाली. त्याला आला असेल कंटाळा, तुम्हाला येत नाही म्हणून दुसऱ्याला येऊ नये की काय. मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, जाऊन या ना एकदा. फोनवर विचारू नका.

परीक्षित नोएडाला राहायचा, मेट्रोच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला. इतकी वर्षं एकाच शहरात, आणि वर्षातून दोनदा भेट झाली तर झाली. पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, एका जानेवारीत दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस गेली होती तेव्हा दोघं शेजारी बसले होते आणि जाऊन-येऊन हाँगकाँगच्या एका घोडीवर बोलले होते. नोएडाला जाताना मेट्रोत सूर्यकांतला बसायला जागा मिळाली. त्याला वाटत होतं की परीक्षित रागावला असेल, आणि तो आपल्या बोलण्यातलं काय लागलं असेल ते शोधत होता. करोल बागेच्या गच्च्या गेल्या, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या काळ्या टाक्या. त्याच्या पुढं गाडी पहाडगंजच्या अंगानं जाते, तिथं डावीकडं कुठंतरी शाळा, वरून दिसत नाही, पण दिसेल अशा जागी आपण दर वेळी मान वळवतो हे त्याला ठाऊक होतं. आज त्यानं वळवली नाही. मनात एक विचार आला, आणि तो विचार त्यानं एखाद्या परक्या माणसाचा असावा तसा न्याहाळला: परीक्षितशी आपली मैत्री आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो, आपल्या बायपासच्या वेळी तो तीन दिवस हॉस्पिटलात बाकावर बसून होता, पण आपण कधी एकमेकांना विचारलं नाही की बाबा, तुझं कसं चाललंय. विचारलं नाही, कारण गरज पडली नाही. भांडणाचा आवाज ऐकून कळायचं. मग गाडी जमिनीखाली शिरली आणि काचेत त्याचा स्वतःचा चेहरा आला.

परीक्षितनं स्वतः दार उघडलं. ये म्हणाला, पण बघितलं ते सूर्यकांतच्या खांद्यावरून, जिन्याकडं, जसं काही मागून आणखी कुणीतरी येणार होतं. हेमांगीवहिनींनी चहा आणला, बाकरवडी आणली, करोल बागेत एका दुकानात चांगली मिळते असं सांगितलं. परीक्षित खिडकीकडं तोंड करून बसला होता. सूर्यकांतनं मुद्दाम पॅरिसचा विषय काढला. परीक्षित म्हणाला, हो ना, घाई केली जॉकीनं. सूर्यकांत म्हणाला, मातीवरचे अमेरिकन घोडे आता गवतावरच्या घोड्यांपेक्षा सरस आहेत असं मला वाटू लागलंय. त्याला तसं मुळीच वाटत नव्हतं. परीक्षित म्हणाला, असेल, असेल यार, काळ बदलतो. इतका वेळ त्यानं एकदाही सूर्यकांतच्या चेहऱ्याकडं बघितलं नव्हतं. नजर त्याच्या कानावरून, डोक्यावरून कुठंतरी निसटत होती, आणि चहाचा कप त्यानं आधी बोटांनी बशीची कड चाचपून मग उचलला. सूर्यकांतनं ते बघितलं, पण त्याचा अर्थ लावला तो असा की हा माणूस आपल्याला टाळतोय. त्याला राग आला. रागापेक्षा अपमानाच्या जवळचं काहीतरी. फार न थांबता तो निघाला. परीक्षित दारापर्यंतही आला नाही, बसूनच हात वर केला, तोही जरा दुसऱ्याच दिशेला.

लिफ्टपाशी हेमांगीवहिनी मागून आल्या. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भावजी, त्यांना दिसत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणालेत.”

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला होता, आधी एक, मग दुसरा. इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या मागची भिंत दिसते. एखादी गोष्ट बघायची तर दुसरीकडं बघावं लागतं, म्हणून ते असे तिरके बसतात. फोनवरचे मेसेज वहिनी वाचून दाखवत. पॅरिसच्या संध्याकाळचं उत्तरही त्यांनीच टाईप केलं होतं, परीक्षितनं सांगितलं तसं. शर्यत टीव्हीवर लावली होती, त्यांना हिरवं काहीतरी सरकताना दिसलं. सूर्यकांतनं विचारलं, मला का सांगायचं नाही? वहिनींनी लिफ्टचं बटण दाबलं. “म्हणाले, त्याला कळलं तर तो माझ्याशी भांडणार नाही.” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की पण न बघता भांडायचं कसं, आपण पकडले जाऊ अशी भीती वाटते त्यांना.

परतीच्या गाडीत सूर्यकांत उभाच राहिला, जागा होती तरी. दुःख झालं होतं का, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. दुःखाच्या आधी काहीतरी दुसरंच येऊन बसलं होतं. आपण जिंकलो, असा एक विचार होता, कोरडा, नोंदीसारखा. यापुढं कुठल्याही शर्यतीत काय घडलं ते आपण सांगू तेच घडलेलं असेल. नोकरीत असताना एकदा त्याच्या अंदाजावरून गावं रिकामी केली होती आणि पूर आलाच नाही. अंदाज चुकला की वरचा बांध टिकला हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि साहेबांनी शाबासकी दिली तेव्हा ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. तसंच आता. घरी येऊन त्यानं अलकनंदाला सांगितलं. ती गॅस बंद करून येऊन त्याच्याजवळ बसली.

पुढचे काही दिवस तो परीक्षितला लिहायला बसायचा आणि लिहिलेलं पुसायचा. प्रत्येक वाक्यात बघणं येत होतं. बघितलंस ना. हे बघ. दिसतंच आहे की. बघू या काय होतं. इतकी वर्षं हे शब्द वापरताना त्यांत डोळे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. एका दुपारी अलकनंदा बाहेर गेली असताना त्यानं पॅरिसची शर्यत पुन्हा लावली, एक डोळा मिटला आणि दुसऱ्यासमोर अंगठा धरला. मिनातो लाईट अंगठ्यामागं गेला. अंगठ्याच्या कडेनं पांढरं कुंपण, गवत, टोप्या घातलेली गर्दी, फांद्यांवरून उडालेले पक्षी असं सगळं धावत होतं. घोडा गेला आणि शर्यत उरली. तो हात दुखेपर्यंत तसाच बसला. गर्दीतल्या एका माणसानं शेवटी डोक्यावर हात मारला, तो त्याला पूर्वी कधी दिसला नव्हता.

मेलबर्नची शर्यत, तीच ऑस्ट्रेलियातली दोन मैलांची, नोव्हेंबरात पहिल्या मंगळवारी असते, आपल्याकडे तेव्हा सकाळ. त्यानं वहिनींना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की मी येतोय, आणि त्याला सांगून ठेवा की मला माहीत आहे. सकाळी धुरकट हवेत घसा खवखवत तो निघाला. गाडीत ऑफिसला जाणारी माणसं तोंडाला मास्क लावून एकमेकांना रेलून उभी होती. परीक्षित दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता, जशी काही संसदेत ड्यूटी होती. “सांगितलं ना हिनं तुला,” तो म्हणाला. सूर्यकांत हो म्हणाला. “अच्छा,” परीक्षित म्हणाला, आणि त्यावर तेवढंच बोलणं झालं. वहिनींनी टीव्ही लावून दिला आणि त्या आत गेल्या.

परीक्षितचं मन कॅरिगीन नावाच्या एका आयरिश घोडीवर बसलं होतं. वहिनींनी त्याला तिच्याबद्दल वाचून दाखवलं होतं, की विमानातून उतरल्यावर तिनं खाणं सोडलं, मग एका पहाटे सरावाला नेली असता जॉकी नको नको म्हणत असताना आपल्या मनानं सुटली आणि मैलभर पळून आली. परीक्षितच्या मते तिनं ठरवलं होतं. सूर्यकांतच्या मते तिच्या बापाच्या वंशात दोन मैलांचा दम नव्हता, पण हे तो बोलला नाही. बोलला नाही याची त्यानं स्वतःच नोंद घेतली. टीव्हीवर सुरुवातीच्या रेषेवरचे दरवाजे उघडले, घोडे सुटले. टीव्हीवरचा समालोचक भराभर नावं घेऊ लागला, तेव्हा सूर्यकांतनं विचारलं की हा सांगतोय ते पुरेसं नाही का. परीक्षितनं हात हलवला. “तो नावं घेतो. मला घोडे सांग.”

सूर्यकांत सांगू लागला. सुरुवातीला पाण्याच्या पातळीचे आकडे सांगावेत तसं; नववी आहे, कुंपणापासून तिसरी, पुढच्या घोड्यापासून दोन घोड्यांच्या लांबीइतकी मागं. मग सूर्यकांतच्या लक्षात आलं की आपल्याला दुसरं काही सांगताच येत नाही. ती मान कशी धरते, पाय कसे टाकते, जॉकीचे हात ढिले आहेत की आवळलेले, हे शोधत शोधत तो बोलत राहिला, आणि शोधण्यात शर्यत पुढं जात राहिली. वळणावर घोडी बाहेरून आली. सरळ पट्ट्यावर ती पुढं होती, एकटी, खरोखरच काही क्षण तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. सूर्यकांतचा आवाज चढला. त्यानं परीक्षितकडं बघितलं. परीक्षित टीव्हीकडं पाठ केल्यासारखा, बाल्कनीकडं तोंड करून बसला होता, मान ताणलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यानं ते हिरवं धरून ठेवायचा प्रयत्न करत. ओठ किंचित हलत होते. एक वाक्य मागं. सूर्यकांतनं परत टीव्हीकडं बघितलं तेव्हा घोडीच्या दोन्ही बाजूंनी घोडे निघून गेले होते. ती सहावी की सातवी आली.

“कोंडली रे,” सूर्यकांत म्हणाला. “दोघांच्या मध्ये सापडली. वाट मिळाली असती तर जिंकली असती. तू म्हणत होतास तसंच, तुझंच—” तिथं तो थांबला.

टीव्हीवर टोप्या हवेत उडत होत्या. परीक्षित शांतपणे बोलू लागला, बाल्कनीकडंच बघत. तो म्हणाला की संसदेत एकदा एक सदस्य फार वाईट बोलले होते, अडखळत, अर्धवट, आणि त्यानं दया येऊन त्यांचं भाषण हिंदीत नीटनेटकं करून सांगितलं. संध्याकाळी ते स्वतः त्याला शोधत आले. त्यांना वाटलं होतं की आपली चेष्टा केली. “तेव्हापासून मी कुणाला सुधारून सांगितलं नाही. ती कोंडली असती तर समालोचक ओरडला असता, सूर्या. मला ऐकू येतं.”

शाळेनंतर त्याला सूर्या कुणी म्हटलं नव्हतं. कान तापल्यासारखे झाले. आणि मग, इतके दिवस कुठंतरी अडकून राहिलेला, तो राग आला, आणि या वेळी तो ओळखीचा होता. सूर्यकांत म्हणाला, नाही कोंडली, थकली. साफ थकली. तिच्या घराण्यात दम नाही, बापानं कधी मैलाच्या पुढं काही केलं नाही, मी हे तुला तिचं नाव निघालं तेव्हाच सांगणार होतो, पहाटे मैलभर उंडारली म्हणून कुणी दोन मैल जिंकत नसतं. आतून हेमांगीवहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. परीक्षित खुर्चीत पुढं सरकला होता.

“थकली नाही. तिनं सोडलं.”

“मी बघितलं ना!”

“काय बघितलंस? कान कसे होते?”

इतक्या वर्षांत, इतक्या शर्यतींत, सूर्यकांतनं घोड्याचे कान कधी बघितले नव्हते. परीक्षित समजावून सांगू लागला, चिडून, पूर्वी जसा सांगायचा तसा, की थकलेल्या घोड्याचे कान लुळे पडतात, बाजूला. सोडलेल्या घोड्याचे हलत असतात, तो आणखी कशाचा तरी आवाज ऐकत असतो. हे खरं आहे की परीक्षितनं आत्ता रचलं, हे सूर्यकांतला माहीत नव्हतं. त्यानं रिमोट घेतला, शर्यत सरळ पट्ट्यापर्यंत मागं नेली, आणि चष्मा काढून, गुडघे टेकून टीव्हीच्या अगदी जवळ गेला. घोडी पुढं होती. एकटी होती. मग बाजूंनी ते दोघं आले. त्यानं चित्र थांबवलं. इतक्या जवळून सगळे नुसते ठिपके दिसत होते, तपकिरी आणि हिरवे. तो जरा मागं सरला, डोळे बारीक केले.

“एक कान पुढं आहे,” तो म्हणाला. “एक मागं.”

“कुठला पुढं?”

“डावा.” त्याची खात्री नव्हती. “थांब,” तो म्हणाला, आणि पुन्हा मागं नेलं.